कपड्यांसकट

हेरवाडे सर घाटाच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर उभे राहून परिपत्रक वाचत होते आणि दत्तूमामा अंबी छातीभर पाण्यात उभे राहून ते ऐकत होते. मे महिना, सकाळचे सात. सरांनी पांढरा शर्ट खोचला होता, पट्टा आवळला होता. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. पायांत मोजे आणि काळे बूट. परिपत्रकात मुद्दे सतरा होते. सर सहाव्यावर आले तेव्हा दत्तूमामा म्हणाले, "सर, ते ऱ्हाऊ द्या. उतरा आता."

"कपडे बदलायची सोय कुठं आहे?" सरांनी विचारलं.

"बदलायचे न्हाईत. हाईत त्या कपड्यांनी उतरायचं. पूर काय आधी निरोप धाडतो का, चड्डी घालून बसा म्हणून?"

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुल्लाणीबाईंनी पदर तोंडावर धरला. मला हसू आलं नाही. माझं सगळं लक्ष पर्समधल्या अर्जाकडे होतं.

आमचं गाव कृष्णाकाठचं. आदल्या वर्षी नदी गावात शिरली होती आणि आम्ही नवराबायकोनं दीड दिवस शेजाऱ्यांच्या गच्चीवर काढला होता. नाव आली तेव्हा आमच्या मिस्टरांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की चार दिवस काळंनिळं होतं. पूर ओसरला, चिखल निघाला, आणि पुढच्या उन्हाळ्यात वरून आदेश आला: नदीकाठच्या शाळा म्हणजे पूरग्रस्तांची आश्रयस्थानं, तेव्हा तिथल्या शिक्षकांनी आठ दिवसांचं जलसुरक्षा प्रशिक्षण घ्यावं. जनगणना आम्ही केली होती, मतदारयाद्या केल्या होत्या, पोलिओचे डोस पाजले होते, गावातले संडास मोजले होते. पाण्यात पडायचं तेवढं राहिलं होतं. आमच्या शाळेतून तिघांची नावं गेली. मुख्याध्यापक हेरवाडे, नसीम मुल्लाणी आणि मी, विजयमाला मगदूम. शिकवायला दत्तूमामा. त्यांच्या घराण्यात सात पिढ्या नावा चालवत होत्या, आणि आदल्या वर्षी आम्हाला गच्चीवरून उतरवणारी नाव त्यांचीच होती.

आमचे मिस्टर साखर कारखान्यात पत्रव्यवहाराच्या टेबलावर होते. गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज तेच लिहून देत. आदेश वाचल्यावर त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं, कागद ओढला आणि माझाही अर्ज लिहिला. 'मला सर्दीची प्रकृती असून डाव्या कानास दडा बसतो, तरी मला पाण्यात उतरण्यापासून सूट मिळावी.' म्हणाले, "काठावर उभी राहा, सही कर आणि ये. पाण्याशी खेळायचं नाही."

मी अर्ज काढून सरांपुढे धरला. सरांनी एका हातात परिपत्रक आणि दुसऱ्या हातात माझा अर्ज घेतला. मुद्दा क्रमांक अकरानुसार डॉक्टरांचा दाखला लागेल, असं काहीतरी ते म्हणाले आणि कागदावर नीट उजेड पडावा म्हणून एक पायरी खाली उतरले. त्या पायरीवर शेवाळ होतं.

सर पडले असं म्हणता येणार नाही. उभे होते तसे, दोन्ही हातांत कागद धरून, सरळ खाली गेले. पाणी डोक्यावरून मिटलं. मग दोन कागद वर आले, आणि त्यांच्यामागून सर.

चष्मा एका कानाला लोंबत होता. टकलावरून आडवे घेतलेले केस सुटून खांद्यावर आले होते. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम करत होते. हजेरीपटावर शाईचा डाग पडला तर हा माणूस दोन दिवस बोलत नसे. मुल्लाणीबाईंनी माझा दंड धरला. सरांनी तोंडातलं पाणी थुंकलं, आपल्या ओल्या शर्टाकडे पाहिलं, खिशातल्या पेनांकडे पाहिलं. निळी आणि लाल शाई मिळून छातीवर जांभळा ओघळ उतरत होता. आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. त्यांचे दात मी पहिल्यांदाच पाहिले. चांगले होते.

"मगदूमबाई," ते म्हणाले, "तुमचा अर्ज गेला बघा."

अर्ज घाटालगतच्या खोल डोहाच्या दिशेनं निघाला होता. कागदच राहिला नाही म्हटल्यावर माझ्याकडे सबब उरली नाही. मी उतरले.

ज्यांनी साडी नेसून कंबरभर पाण्यात पाऊल टाकलेलं नाही त्यांना सांगते. साडी आधी तुमच्याबरोबर यायला तयार नसते. ती फुगते, वर येते, तुमच्याभोवती मांडव घालते. मुल्लाणीबाई तर मधोमध उमललेल्या कमळासारख्या दिसत होत्या आणि त्यांना ते माहीत होतं. "दाबा, हवा दाबून काढा," दत्तूमामा पाठ फिरवून ओरडत होते, कारण बायकांकडे बघून शिकवणं त्यांना प्रशस्त वाटत नव्हतं. "निऱ्या मागं खोचा. पदर पोटाला आवळा." मग हवा निघून गेली, कापड अंगाला आलं, जड झालं, आणि गार पाणी पोटऱ्यांपासून पाठीपर्यंत हळूहळू चढत गेलं. घाटावर पन्नास माणसं बघत होती. मी डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली होते. कुणाला हरकत घ्यायला बोटभर जागा नव्हती. तरीही सकाळच्या प्रहरी, नोकरीच्या वेळेत, सरकारी आदेशानं मी नदीत उभी होते. लग्नाच्या बावीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

आठ दिवस असे गेले. दोर कसा फेकायचा, रिकाम्या डब्यावर कसं तरंगायचं, बुडणाऱ्याला गळ्याला मिठी मारू न देता मागून केसांना धरून कसं ओढायचं, हे सगळं मामांनी शिकवलं. बुडणारा माणूस कोण होणार असं विचारलं की सर हात वर करायचे. दिवसातून चार-चार वेळा बुडायचे. एकदा मामांनी मुल्लाणीबाईंना बुडायला सांगितलं तर सर रुसले. घरी जाताना आम्ही तिघंही निथळत पेठेतून चालायचो. बुटांतून सरांच्या पावलागणिक आवाज यायचा. लोक आधी दुकानातून बाहेर येऊन बघायचे, मग बघेनासे झाले. अंगावरची साडी वाळायला अकरा वाजायचे आणि तोवर मे महिना काही मला शिवायचा नाही.

नवव्या दिवशी प्रशिक्षण नव्हतं. प्रमाणपत्रं मिळाली होती. मी साडेसहाला दूध तापवलं, आणि भानावर आले तेव्हा घाटाच्या पायऱ्या उतरत होते. सर आधीच पाण्यात होते. शर्ट खोचलेला, पट्टा आवळलेला, गळ्यापर्यंत बुडालेले. मला पाहून ते जरा गोंधळले.

"सराव राहायला पाहिजे," ते म्हणाले.

"तर," मी म्हणाले.

दहा मिनिटांनी मुल्लाणीबाई आल्या. त्यांनी आम्हाला दोघांना बघितलं. चपला काढल्या आणि सरळ आत आल्या.

पुढच्या तीन आठवड्यांत घाटावर आमच्याखेरीज आणखी पंधराएक माणसं उतरायला लागली. सगळी चाळिशीपुढची. प्रत्येकाकडे काही ना काही कारण होतं. कुणाची पाठ धरली होती, कुणाला घामोळं होतं. कापडदुकानाच्या मालकीणबाईंना कुणीतरी सांगितलं होतं म्हणे की वाहतं पाणी गुडघ्यांना चांगलं. पोहण्याचे कपडे कुणाकडेच नव्हते, आणि असते तरी ते घालून घाटावर यायची छाती कुणाची नव्हती. नऊवारी, पाचवारी, लेंगे, सदरे, एकजण तर टाय लावून यायचा, त्याला पुढं बँकेत जायचं असे आणि टाय लवकर वाळत नाही हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. दत्तूमामा नावेत बसून आमच्यावर नजर ठेवायचे. म्हणायचे, "पोरं पोहायला येत्यात. ह्ये नुसतं भिजायला येत्यात."

घरी मात्र मिस्टर बोलेनासे झाले होते. मी ओली आत आले की ते पेपर वर धरायचे. एकदा फक्त विचारलं, "डोहाकडं जातेस का गं?" मी म्हटलं, कडेकडेनं जाते. त्यांनी पेपरचं पान उलटलं. ते पान त्यांनी आधीच वाचलेलं होतं.

जून लागायच्या आधी एका सकाळी घाटावर जीप आली. शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी ढवळेसाहेब उतरले. हातात फाईल होती. सर पाण्यातून पायरीवर आले, बूट जोडून उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार केला. त्यांच्या बाहीतून पाण्याची धार साहेबांच्या फाईलवर पडली. साहेब मागं सरकले. म्हणाले, तुमच्याविरुद्ध तक्रार आली आहे, निनावी आहे, पण वरिष्ठांनी चौकशी लावली आहे. आणि त्यांनी तक्रार सगळ्यांसमोर वाचली.

"विषय: शिक्षकांच्या नदीतील वावराबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की, प्रशिक्षण संपूनही सदर शिक्षक पूर्ण पोशाखात रोज नदीत उतरतात. त्यांपैकी एक शिक्षिका डोहाच्या बाजूस जातात. त्यांना पोहता येत नाही. तसेच त्यांना सर्दीची प्रकृती असून डाव्या कानास दडा बसतो. तरी त्यांच्या जिवाचे काही बरेवाईट होण्यापूर्वी योग्य ती कार्यवाही व्हावी. एक जागरूक नागरिक."

मग मुल्लाणीबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बाई, तुमच्या डाव्या कानाचं नागरिकाला कसं काय कळलं?"

मला कळलं होतं. बावीस वर्षं मी त्या माणसाचे अर्ज वाचत आले होते.

सरांनी सरावाचा मुद्दा मांडला. मुद्दा क्रमांक चौदा, सातत्य. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, सराव वगैरे मी समजू शकतो, पण इथं जिवाच्या धोक्याचा उल्लेख आहे. उद्या काही झालं तर जबाबदारी माझी. तेव्हा आजपासून शिक्षकांनी नदीत उतरायचं नाही, आणि हेरवाडे, तुम्हाला लेखी खुलासा द्यावा लागेल. सरांना निवृत्तीला दहा महिने राहिले होते. त्यांच्या सेवापुस्तकात आजवर एक काळी रेघ नव्हती. त्यांनी मान हलवली आणि ओले केस टकलावर परत नीट बसवायला लागले. ते मला बघवलं नाही.

"साहेब," मी म्हणाले, "सराव वगैरे काही नाही. आम्हाला आवडतं."

"काय आवडतं?"

"भिजायला."

साहेबांनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. "कपडे घालून?"

"कपडे काढून गेलो असतो," मुल्लाणीबाई म्हणाल्या, "तर तुम्ही फाईल घेऊन नाही, पोलीस घेऊन आला असता."

टायवाल्याला ठसका लागला. साहेबांनी ओठ आवळले आणि फाईलकडे पाहिलं. "ते असू दे," ते मला म्हणाले. "पण तुम्हाला पोहता येत नाही, हे खरं ना?"

"नाही," मी म्हणाले. "खरं नाही."

मी निऱ्या मागं खोचल्या, पदर आवळला, डोहाच्या बाजूला सरकून दोन पायऱ्या वर चढले आणि सूर मारला.

हे आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं. दत्तूमामांनासुद्धा नाही. आठ दिवस मी त्यांच्यापुढे डबा धरून खोटेच पाय मारले होते. माझ्या माहेरी मळ्यात मोठी विहीर होती. पाठीला वाळका भोपळा बांधून मला थोरल्या भावानं सहाव्या वर्षी आत ढकललं, आणि आठव्या वर्षी मी भोपळा सोडला. सगळ्या चुलतभावांत तळाची माती आणून दाखवणारी मी एकटी. बारा वर्षांची झाले त्या उन्हाळ्यात आत्ती विहिरीच्या काठावर आली. हातात टॉवेल होता. ओरडली नाही, रागावली नाही. वर बोलावलं, टॉवेलात गुंडाळलं आणि म्हणाली, आता बास. भाऊ खाली पोहतच राहिले. त्यांचा आवाज मला घरापर्यंत ऐकू आला. त्यानंतर माझ्या वाटणीला पाणी आलं ते बादलीतलं, हंड्यातलं, आणि एकदा गच्चीवरून बघितलेलं. पोहायचं राहिलं असं मला कधी वाटलंही नाही. मी ते विसरूनच गेले होते. त्या पहिल्या सकाळी पाणी पाठीपर्यंत चढलं तेव्हा आठवलं, आणि मग कुणाला सांगावं हे कळेना, म्हणून डबा धरून राहिले.

साडी जड होती, हात पूर्वीसारखे चालत नव्हते. पलीकडच्या काठाला हात लावला तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती. दत्तूमामांनी नाव माझ्यामागून आणली होती, पण वल्हं मांडीवर ठेवून ते नुसते बघत होते. "बाई," ते म्हणाले, "आठ दिवस माझी चेष्टा केलीसा व्हय?" मी नाही म्हणून मान हलवली आणि परत फिरले.

निम्म्यात आले असेन तेव्हा हाक ऐकू आली. "विजू!" चारचौघांत मला या नावानं कुणी हाक मारत नाही. घाटावरच्या महादेवाच्या देवळामागून आमचे मिस्टर पळत येत होते. कारखान्याचे कपडे, बगलेत डबा, पायांत नव्या चामडी वहाणा. डबा निसटून पडला, झाकण पायऱ्यांवरून घरंगळत गेलं. ते पाण्याच्या कडेला येऊन थांबले. त्यापुढं त्यांना येता येईना.

मी पायरीपाशी आले. पाणी कमरेएवढं होतं, मी उभी राहिले.

"तुला पोहता येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"बावीस वर्षं झाली लग्नाला."

"आपल्या मोरीत कुठं पोहणार होते?"

मागं कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. मला रागावायचं होतं. अर्जाबद्दल बोलायचं होतं, नागरिकाबद्दल बोलायचं होतं. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि बगल घामानं भिजली होती.

"मला येत नाही," ते हळू म्हणाले. "तुझं काही झालं असतं तर मी असा इथं नुसता उभा राहिलो असतो. तीन आठवडे मी त्या देवळामागं उभा असतोय. रोज. कारखान्यात उशिराचे शेरे पडलेत."

गच्चीवर नाव आली तेव्हा माझं मनगट कशानं काळंनिळं झालं ते तेव्हा मला कळलं. मी समजत होते की ते मला सांभाळायला धरून आहेत.

ढवळेसाहेबांनी फाईल उघडली आणि उभ्या उभ्याच तक्रारीवर शेरा लिहिला. 'समक्ष चौकशी केली. शिक्षिकेस पोहता येते. तक्रारीत तथ्य नाही.' सरांना म्हणाले, खुलाशाची गरज नाही. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी साहेबांना पाण्यात यायचा आग्रह केला. साहेब म्हणाले, मला अकरा वाजता मीटिंग आहे. जीपमध्ये बसण्याआधी मात्र त्यांनी दोनदा वळून पाण्याकडे पाहिलं.

मिस्टरांनी मला वर घ्यायला हात पुढं केला होता. मी तो धरला, पण वर आले नाही. त्यांना ओढलंही नाही. नुसती धरून राहिले.

"किती खोल आहे?" त्यांनी विचारलं.

"इथं कमरेएवढं."

त्यांनी घड्याळ काढून शर्टाच्या खिशात ठेवलं, मग खिसाही पाण्यात जाणार हे लक्षात येऊन ते सरांच्या हातात दिलं. सर स्वतःच निथळत होते, त्यांनी ते डोक्यावर धरलं. मिस्टर उतरले. एक पायरी, दुसरी, तिसरी. प्रत्येक पायरीवर माझा हात आवळायचे. पँटमध्ये हवा भरली आणि दोन्ही मांड्या फुग्यासारख्या वर आल्या. "दाबा, दाबा," पंधरा माणसं एकदम म्हणाली. त्यांनी दाबलं. मोठा बुडबुडा आला. आमच्या मिस्टरांना लग्नातसुद्धा कुणी हसताना पाहिलेलं नव्हतं, तेव्हा ते हसले असं मी म्हणणार नाही. पण ते बुडबुड्याकडे बघत राहिले आणि त्यांनी विचारलं, "असं रोज होतं?"

तेवढ्यात त्यांची एक वहाण पायातून सुटली, वर आली आणि डोहाकडं निघाली. पंधरवड्यापूर्वी मिरजेहून आणलेली. मामांनी नाव वळवली तर मिस्टरांनी हातानं राहू द्या म्हणून सांगितलं. ती दिसेनाशी होईपर्यंत ते बघत होते. मग वाकले, दुसरी वहाण काढली, क्षणभर हातात तोलली आणि तिच्यामागं सोडून दिली.

परत निघालो तेव्हा साडेनऊ झाले होते आणि डांबर तापलं होतं. देवळापासून पेठेपर्यंत ते उड्या मारत आले. शेवटी मी माझ्या चपला काढून त्यांच्यापुढं ठेवल्या. आधी नको म्हणाले, मग घातल्या. निम्मी टाच मागं बाहेर, पुढं सोनेरी टिकल्या. मी कडेच्या धुळीतून अनवाणी चालले. लग्न झाल्यापासून रस्त्यानं जाताना ते चार पावलं पुढं आणि मी मागं, असंच आम्ही चालत आलो होतो. त्या दिवशी मला प्रत्येक वळणावर थांबावं लागलं. ओल्या शर्टानं, डबा छातीशी धरून, माझ्या चपलांत पाय सांभाळत ते येत होते, आणि दुकानाच्या पायऱ्यांवरची माणसं उभी राहून बघत होती.

"तू हो पुढं," ते म्हणाले. "मी येतो."

मी पुढं गेले नाही. किराणा दुकानापाशी भर उन्हात निथळत उभी राहिले.